नवा व्हीपीएस होस्टिंग धंदा: व्हर्च्युअलायझेशन कोणतं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात लोकांच्या वेबसाइट, टॅली आणि शाळांची सॉफ्टवेअरं सांभाळणारे बरेच जण आता स्वतःचे व्हीपीएस, म्हणजे एका मोठ्या सर्व्हरवरचे छोटे आभासी सर्व्हर, विकायच्या विचारात असतात. एक सर्व्हर भाड्याने घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे आणि विकायचे, एवढं ते सोपं वाटतं. ही उत्तरं अशांसाठी आहेत. लिनक्सची कमांड लाइन तुम्हाला परकी नाही, असं धरलेलं आहे.

फार खोलात न जाता सांगा, काय घेऊ?

केव्हीएम, म्हणजे एका सर्व्हरचे आभासी सर्व्हर करणारं लिनक्समधलं तंत्र, घ्या आणि ते ब्राउझरमधून चालवायला प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर. दहापैकी नऊ जणांना हेच उत्तर पुरतं. दहावा कोण, ते पुढे येईलच.

केव्हीएम, झेन, ओपनव्हीझेड, एलएक्ससी यांत खरा फरक काय?

फरक कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा आहे. केव्हीएम आणि झेनमध्ये प्रत्येक ग्राहकाला स्वतःचा कर्नल मिळतो. तो उबंटू टाकेल, विंडोज टाकेल, नाहीतर फ्रीबीएसडी. ओपनव्हीझेड आणि एलएक्ससी हे कंटेनर. त्यात सगळे ग्राहक तुमच्या यजमान सर्व्हरच्या एकाच कर्नलवर बसतात. वाड्यात खोल्या भाड्याने दिल्या तरी नळ एकच, तसं.

केव्हीएम २००७ साली लिनक्स कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत आलं आणि तेव्हापासून ते कर्नलचाच भाग आहे. कर्नल अपडेट झाला की तेही अपडेट होतं. झेन त्याहून जुनं, केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये बाहेर पडलेलं. अॅमेझॉनची क्लाउड सेवा वर्षानुवर्षं झेनवर चालली, पण २०१७ पासून त्यांनी नवे सर्व्हर केव्हीएमवर आधारलेल्या नायट्रोवर आणायला सुरुवात केली. झेन वाईट नाही. झेन चालवणारी एक्ससीपी-एनजी ही तयार प्रणाली घेतलीत तर ते आजही नीट चालतं. मात्र रात्री दोनला काही अडलं तर केव्हीएमबद्दल लिहिलेलं उत्तर पाच मिनिटांत सापडतं आणि झेनसाठी शोधत बसावं लागतं. एकट्याने धंदा चालवणाऱ्याला हा फरक पुष्कळ मोठा आहे.

कंटेनरवर एकाच सर्व्हरमध्ये दुप्पट ग्राहक बसतात म्हणतात. मग स्वस्त प्लॅन त्यावर का विकू नयेत?

बसतात, यात खोटं काही नाही. मोकळा कंटेनर काही एमबी रॅममध्ये उभा राहतो. केव्हीएममध्ये ग्राहकाचा अख्खा कर्नल आणि त्याचं आभासी हार्डवेअर चालवणाऱ्या क्यूईएमयूची प्रक्रिया, दोन्हींचं वजन यजमानावर पडतं. पण महिन्याभरात येणारे फोन असे असतात: डॉकर चालत नाही, वायरगार्ड लागत नाही, क्लाउडलिनक्स बसत नाही, आयपीटेबल्सचं अमुक मॉड्यूल नाही. हे सगळं कर्नलकडून येतं आणि कर्नल ग्राहकाच्या हातात नसतो. प्रत्येक फोनला ‘ते आमच्याकडे होत नाही’ हेच उत्तर द्यावं लागतं.

ओपनव्हीझेड ६ हे २.६.३२ कर्नलवर होतं आणि त्याचा आधार नोव्हेंबर २०१९ मध्ये संपला. आवृत्ती ७ चा कर्नल ३.१० मालिकेतला, तोही आता म्हाताराच. नव्या धंद्याचा पाया म्हणून ओपनव्हीझेड घेऊ नका. जुन्या व्हिडिओंमध्ये त्याची शिफारस दिसते, कारण ते व्हिडिओ जुने आहेत.

एलएक्ससी जिवंत आणि चांगलं आहे, पण ते स्वतःच्या कामाला वापरा: तुमचं डीएनएस, मॉनिटरिंग, बिलिंग. अनोळखी माणसाला रूट देऊन कंटेनर विकायचा, तर कर्नलमधली एक फट सगळ्या ग्राहकांना एकदम उघडी पाडते. शिवाय कर्नलमधल्या दोषाने एका कंटेनरने यजमान पाडला, तर बाकीचे साठही त्याच्याबरोबर पडतात. केव्हीएममध्ये ग्राहकाचा कर्नल कोसळला तर तो एकटाच कोसळतो.

व्हीएमवेअर किंवा हायपर-व्ही?

व्हीएमवेअर तंत्र म्हणून उत्तम आहे. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली, कायमस्वरूपी परवाने बंद केले आणि सगळं वर्गणीवर आणलं. वर्गणीही कोअरप्रमाणे, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरून. सेवा म्हणून दुसऱ्याला विकायचं तर त्यासाठीचा वेगळा भागीदारी कार्यक्रम लागतो, साधा परवाना चालत नाही. पाच-दहा सर्व्हरच्या धंद्याला हे गणित बसत नाही.

हायपर-व्हीचा विचार एकाच कारणाने करावा: तुमचे जवळजवळ सगळे ग्राहक विंडोजचे असतील आणि तुमचा स्वतःचा हात विंडोजवर बसलेला असेल. वर म्हटलेला दहावा माणूस हाच.

आमचे निम्मे ग्राहक टॅलीसाठी विंडोज व्हीपीएस मागतात. त्याचं काय?

इथे जरा थांबून वाचा, कारण सोलापुरात हीच मागणी सगळ्यात मोठी असते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखानदार, मार्केट यार्डातला अडत्या, त्यांचा सीए, सगळ्यांना कुठूनही टॅली उघडायचं असतं.

केव्हीएमवर विंडोज सर्व्हर छान चालतो. अडचण परवान्याची आहे. विंडोज दुसऱ्याला भाड्याने द्यायचं तर मायक्रोसॉफ्टचा सेवा पुरवठादारांसाठीचा परवाना, म्हणजे एसपीएलए, लागतो. तो अधिकृत पुनर्विक्रेत्यामार्फत मिळतो आणि वापर दर महिन्याला कळवावा लागतो. दुकानातून आणलेली किंवा ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळालेली लायसन्स की टाकून विकणं बेकायदा आहे, मग ती ‘अॅक्टिव्हेटेड’ दिसो वा न दिसो.

दुसरा खड्डा रिमोट डेस्कटॉपचा. विंडोज सर्व्हरमध्ये देखभालीसाठी एका वेळी दोनच सत्रं मिळतात. तिसरा कारकून लॉगिन करू लागला की आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) भूमिका टाकावी लागते, आणि मग काम करणाऱ्या प्रत्येक माणसामागे वेगळा परवाना. ही भूमिका टाकल्यावर १२० दिवस सगळं बिनपरवाना चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मुदत संपली की कारकुनांना आत जाता येत नाही आणि दोष होस्टिंगवाल्याला येतो. तसंच विंडोज सर्व्हरच्या मूल्यमापन (चाचणी) आवृत्तीचं: १८० दिवसांनंतर ती दर तासाला आपोआप बंद पडू लागते.

हा सगळा खर्च प्लॅनच्या किमतीत आधीच धरा. लिनक्स आणि विंडोज प्लॅनच्या दरात मोठी तफावत दिसली तर ग्राहक विचारेल. त्याला परवान्याचा हिशेब दाखवा, तो समजतो. व्यापारी माणूस आहे.

विंडोज बसवताना केव्हीएमच्या वेगवान आभासी हार्डवेअरसाठीच्या व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडीवर जोडून ठेवा. नाहीतर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, मग लोक डिस्क आयडीईवर टाकतात आणि वर्षभर ‘विंडोज मंद आहे’ म्हणत बसतात.

सर्व्हर सोलापुरातच, ऑफिसमध्ये ठेवला तर भाडं वाचेल ना?

भाडं वाचेल. बाकीचं जोडा: सतत ३५० वॉट ओढणारा सर्व्हर महिन्याला २५२ युनिट खातो, वर त्याची उष्णता बाहेर काढणारा एसी. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असताना एसी दोन तास बंद पडला तर बंद खोलीत सर्व्हर आधी वेग कमी करतो, मग स्वतःला बंद करतो. यूपीएस, जनरेटर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लीज्ड लाइन, हे वेगळंच.

वेगाचा मुद्दाही फसवा आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई चारशे किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद, प्रत्यक्षात केबलचे वळसे आणि राउटर धरून थोडे जास्त. शिवाय सोलापुरातल्या एका कंपनीच्या इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेटकडे जाणारं ट्रॅफिक बऱ्याचदा मुंबईला जाऊनच परत येतं. म्हणून नवी मुंबई किंवा पुण्यातल्या डेटा सेंटरमध्ये डेडिकेटेड सर्व्हर भाड्याने घ्या. सोलापुरातल्या ऑफिसात ठेवायचीच असेल तर बॅकअपची दुसरी प्रत ठेवा.

एका सर्व्हरवर किती व्हीपीएस बसवू?

रॅमपासून सुरू करा. २५६ जीबीच्या सर्व्हरमधून यजमानासाठी २४ जीबी बाजूला काढा. उरले २३२. त्यातले दहा टक्के मोकळे ठेवा, म्हणजे हाताशी साधारण २०८. दोन जीबीच्या व्हीपीएसला वरचं वजन धरून २.१ जीबी मोजा. उत्तर ९९ येतं. शंभराच्या वर जाऊ नका.

डिस्कसाठी झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरत असाल तर त्याची कॅश, म्हणजे एआरसी, वेगळी मोजा. जुन्या प्रॉक्समॉक्समध्ये ती निम्म्या रॅमपर्यंत फुगायची. ८.१ पासून नव्या बसवणीत ती रॅमच्या दहा टक्क्यांवर आणि जास्तीत जास्त १६ जीबीवर बांधलेली असते. जुनं अपग्रेड केलेलं असेल तर मर्यादा हाताने घाला.

रॅम एकदा विकलेली पुन्हा विकू नका. केएसएम नावाची सोय मेमरीतली एकसारखी पानं एकत्र करून रॅम वाचवते, पण एका ग्राहकाला शेजाऱ्याच्या मेमरीचा अंदाज घेता येईल अशी वाट तिच्यातून निघते. अनोळखी ग्राहक असताना ती बंद ठेवा.

सीपीयू मात्र वाटून विकला जातोच. साध्या वेबसाइटसाठी एका भौतिक कोअरमागे तीन ते चार व्हीसीपीयू (आभासी कोअर) चालतात, विंडोज आणि टॅलीसाठी दोनच धरा. हे प्रमाण पुस्तकात सगळीकडे सारखं असतं, पण त्यामागे एक गृहीत आहे: ग्राहक वेगवेगळ्या वेळी काम करतात. सोलापूरच्या धंद्यात ते गृहीतच मोडतं. तुमचे टॅलीवाले महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी भरायला एकदम बसतात. पंढरपूरच्या भक्तनिवासांची आणि लॉजची बुकिंग आषाढीच्या आधी एकाच आठवड्यात उसळते. निकालाच्या दिवशी शाळांची पानं एकाच मिनिटाला उघडतात. देशभर विखुरलेले ग्राहक असलेल्या कंपनीला जे प्रमाण झेपतं, ते गावातल्या गावात विकणाऱ्याला झेपत नाही. म्हणून सगळे टॅलीवाले एका सर्व्हरवर, सगळे लॉजवाले दुसऱ्यावर असं न ठेवता प्रत्येक सर्व्हरवर टॅलीवाले, लॉजवाले आणि शाळा यांची मिसळ करा.

ताण कळतो कसा? ग्राहकाच्या लिनक्समध्ये ‘टॉप’ उघडा, सीपीयूच्या ओळीतला ‘एसटी’चा आकडा पाहा. तो सतत पाचच्या वर राहिला तर त्याच्या वाट्याचा सीपीयू दुसरा कुणी खातोय, आणि चूक त्याची नाही, तुमची आहे.

डिस्क कोणती आणि कशी?

बहुतेक नवे धंदे रॅममुळे अडत नाहीत, डिस्कमुळे अडतात. घरगुती एनव्हीएमई एसएसडी जाहिरातीत सेकंदाला हजारो एमबी दाखवते. पण डेटाबेस प्रत्येक नोंदीनंतर ‘खरंच लिहिलंस ना?’ असं विचारतो, त्याला सिंक राइट म्हणतात, आणि तिथे ती कोसळते. वीज गेली तरी हातातलं लिहून संपवणारे कपॅसिटर ज्यात असतात, त्या सर्व्हरच्या एसएसडी घ्या. आयुष्याचा फरकही पाहा: १ टीबीच्या घरगुती एसएसडीवर साधारण ६०० टीबी लिहिता येतं. ३.८४ टीबीची सर्व्हर एसएसडी रोज एकदा पूर्ण लिहिण्याच्या हमीची असेल तर पाच वर्षांत सुमारे ७,००० टीबी.

प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहिणारं रेड १ किंवा रेड १० करा. रेड ५ मध्ये एका छोट्या लेखनासाठी दोन वाचनं आणि दोन लेखनं होतात आणि व्हीपीएसचं काम म्हणजे नुसती छोटी लेखनंच.

साठवण एलव्हीएम-थिनवर किंवा झेडएफएसवर. थिनमध्ये सगळ्यांना एकाच सामायिक पुलातून लागेल तशी जागा मिळते, म्हणून ते घेतलंत तर पूल किती भरलाय यावर ८० टक्क्यांचा इशारा लावाच. पूल भरला की एकटा दोषी ग्राहक नाही, त्या पुलावर लिहू पाहणारे सगळेच अडकतात, आणि त्यांच्या फाइल सिस्टिम केवळ-वाचन होऊन बसतात. हे टाळायला प्रत्येक डिस्कवर ‘डिस्कार्ड’ चालू ठेवा आणि ग्राहकाच्या आत एफएसट्रिमचा आठवड्याचा टायमर चालू आहे ना ते टेम्प्लेटमध्येच, म्हणजे नव्या व्हीपीएसच्या तयार साच्यात, पाहा. नाहीतर ग्राहकाने पुसलेली फाइल पुलात मोकळी होतच नाही.

प्रत्येक व्हीपीएसच्या डिस्कला मर्यादा घाला. सुरुवातीला १,००० आयओपीएस (सेकंदाला इतकी वाचनं-लेखनं) आणि सेकंदाला १५० एमबी ठीक. मर्यादा नसेल तर एका ग्राहकाचा रात्रीचा झिप बॅकअप नव्व्याण्णव जणांना जागं करतो.

आयपी आणि नेटवर्कमध्ये काय बिघडतं?

तीन गोष्टी नेहमी बिघडतात.

पहिली, मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाची ओळख. बऱ्याच डेटा सेंटरमध्ये तुमच्या पोर्टवर अनोळखी मॅक दिसला की पोर्ट बंद होतो. जादा आयपीसाठी ते आभासी मॅक देतात का, की आयपी राउट करून देतात, हे पैसे भरण्याआधी विचारा. ब्रिज करायचा की राउटेड मांडणी, ते या उत्तरावर ठरतं.

दुसरी, आयपीची चोरी. ग्राहकाकडे रूट आहे, तो शेजाऱ्याचा आयपी स्वतःला लावू शकतो. प्रॉक्समॉक्सची फायरवॉल चालू करून त्यात मॅक फिल्टर आणि आयपी फिल्टर दोन्ही लावा. इथे सावध: प्रॉक्समॉक्सच्या ‘डेटासेंटर’ पातळीवर फायरवॉल चालू केली की बाहेरून येणारं सगळं अडतं, ८००६ (प्रॉक्समॉक्सचं पान) आणि २२ (एसएसएच) हे पोर्ट फक्त स्थानिक नेटवर्कला उघडे राहतात. आधी स्वतःच्या आयपीला परवानगीचा नियम घाला, मग कळ दाबा. नाहीतर सोलापुरात बसून नवी मुंबईतला सर्व्हर कुलूपबंद कराल.

तिसरी, स्पॅम. ईमेल पाठवायचा २५ क्रमांकाचा पोर्ट मुळात बंद ठेवा आणि ओळख पटलेल्या ग्राहकालाच मागणीवर उघडून द्या. एकाने स्पॅम पाठवला तर काळ्या यादीत कधीकधी अख्खा २५६ पत्त्यांचा गट जातो.

सुरुवातीला आयपी डेटा सेंटरकडूनच भाड्याने घ्या. स्वतःचे हवे असतील तर भारतात आयपी वाटणाऱ्या आयआरआयएनएन या संस्थेकडे अर्ज करायचा. इंटरनेटवर स्वतंत्रपणे जाहीर करता येणारा आयपीव्ही४ चा सगळ्यात लहान गट २५६ पत्त्यांचा, एवढं ध्यानात ठेवा.

टेम्प्लेट कसं बनवायचं?

वितरकाची क्लाउड इमेज घ्या, व्हर्टआयओ-स्कझी डिस्क म्हणून आयात करा, पहिल्यांदा सुरू होताना व्हीपीएसची मांडणी करणाऱ्या क्लाउड-इनिटचा ड्राइव्ह जोडा, आत क्यूईएमयू गेस्ट एजंट टाका. बंद करण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करा, पुसू नका, आणि एसएसएचच्या यजमान किल्ल्या काढून टाका. मशीन-आयडी तशीच राहिली तर डीएचसीपीवर दोन ग्राहकांना एकच आयपी मिळतो, आणि ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी तक्रार येते. तिचा माग काढण्यात अर्धा दिवस जातो.

पॅनेल आणि बिलिंग?

प्रॉक्समॉक्सचं पान ग्राहकाला थेट देऊ नका. व्हर्च्युअलायझर, किंवा डब्ल्यूएचएमसीएस या बिलिंग सॉफ्टवेअरसोबत प्रॉक्समॉक्सचं मॉड्यूल. ग्राहकाला चार बटणं हवी असतात: चालू, बंद, पुन्हा इन्स्टॉल, कन्सोल. दहा ग्राहक होईपर्यंत हाताने केलं तरी चालतं.

बॅकअप?

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, वेगळ्या यंत्रावर. बॅकअप चालू असताना ग्राहक एखादा भाग बदलू लागला, तर तो भाग आधी बॅकअपकडे जातो आणि मगच नवं लेखन होतं. म्हणजे बॅकअपची बाजू मंद असली की ग्राहकाची डिस्कही मंद. आवृत्ती ८.२ पासून ‘फ्लीसिंग’ आलं, ते चालू करा, जुना भाग तात्पुरता स्थानिक डिस्कवर ठेवला जातो. सोलापूरच्या ऑफिसातली दुसरी प्रत या बॅकअप सर्व्हरवरून ओढा, थेट यजमानावरून नको. महिन्यातून एकदा कुठलाही एक बॅकअप प्रत्यक्ष उभा करून पाहा.

क्लस्टर हवाच का?

पहिल्या दिवशी नको. दोन सर्व्हरचा क्लस्टर केला आणि एक पडला तर उरलेल्याकडे बहुमत राहत नाही, मग तो नवी मशीन सुरू करू देत नाही. तीन हवेत, किंवा दोन आणि तिसरं मत द्यायला एखादं छोटं क्यूडिव्हाइस. अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र वापरणाऱ्या सेफ (Ceph) साठवणीला कमीत कमी तीन सर्व्हर आणि १० गिगाबिटचं वेगळं नेटवर्क लागतं, त्यामुळे तो विषय नंतरचा.

सरकारी नियम कोणते?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश व्हीपीएस पुरवठादारांना थेट लागू आहेत. ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी, नोंदणीच्या वेळचा ईमेल, आयपी आणि वेळ, सेवा घेण्याचं कारण आणि कालावधी, हे सगळं ग्राहक सोडून गेल्यावरही पाच वर्षं ठेवायचं. लॉग १८० दिवसांचे. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवून ठेवायची. आयपी कुणाकडून कुणाकडे कधी गेला, याचा तक्ता पहिल्या ग्राहकापासूनच ठेवा. सहा महिन्यांनी पोलिसांचं पत्र येतं तेव्हा तो आयपी तिसऱ्याच माणसाकडे असतो.

सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ ठेवू की सामान्य?

एकच सर्व्हर असेल तर होस्ट, प्रोसेसरच्या सगळ्या सूचना (इन्स्ट्रक्शन) ग्राहकाला वापरायला मिळतात. वेगवेगळ्या पिढीचे सर्व्हर येणार असतील तर एक्स८६-६४-व्ही२-एईएस. होस्टवर ठेवलेली चालू मशीन जुन्या प्रोसेसरवर हलवली की ती लटकते.

उद्या झेन किंवा व्हीएमवेअरवरचा ग्राहक आला तर आणता येईल का?

येईल. डिस्कची फाइल क्यूईएमयू-आयएमजीने रूपांतरित करा. लिनक्स असेल तर हलवण्याआधीच त्याच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या वेळी लागणारे ड्रायव्हर असणारी फाइल) व्हर्टआयओचे ड्रायव्हर घाला. विंडोज असेल तर पहिल्यांदा साटा (SATA) डिस्कवरून उठवा, व्हर्टआयओची एक छोटी रिकामी डिस्क जोडून ड्रायव्हर बसू द्या, मग मुख्य डिस्क बदला. कंटेनरवरून येणाऱ्याकडे कर्नल आणि बूटलोडर दोन्ही नसतात. त्याला नवा व्हीपीएस देऊन आरसिंकने फक्त डेटा आणा, आणि जुना निदान आठवडाभर चालू ठेवायला सांगा.